कॉट बेसिसवरचे करदाते

रूम भाड्याने घेताना अॅग्रीमेंटमध्ये आपण नेमकं काय वाचतो? डिपॉझिट किती, नोटीस किती दिवसांची, मित्र राहायला आले तर चालतील का. बाकी पानांवर सह्या ठोकायच्या आणि सामान आणायला पळायचं. त्या न वाचलेल्या पानांत बहुतेक वेळा एक ओळ असते : वीजबिल राहणाऱ्याने भरायचं, महापालिकेचा कर मालकाने. कुणी वाचलीच तर खूश होतो. चला, एक खर्च तरी आपल्या डोक्यावर नाही!

पण मालक तो कर भरतो कशातून? तुमच्या-माझ्या भाड्यातूनच की. आणि पुण्यात तर मामला आणखी मजेशीर आहे. इथे मालक स्वतः घरात राहत असेल तर त्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिलं, की ती सवलत जाते. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एकाच मापाचे दोन फ्लॅट. एकात काका-काकू राहतात, दुसऱ्यात नांदेड, धुळे, यवतमाळहून आलेली चार पोरं. घंटागाडी तीच, नळाला येणारं पाणी तेवढंच, समोरचा खड्डाही तोच. बिलं मात्र वेगळी.

हिशेब सोपा आहे. पुण्यात घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल, याचा महापालिका आपल्या दराने अंदाज बांधते. त्यातून देखभालीसाठी काही टक्के वजा करते. उरतं ते वार्षिक करपात्र मूल्य. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्षसंवर्धन, जललाभ, जलनिस्सारण, रस्ते, शिक्षण अशा सगळ्या करांचे टक्के या मूल्यावर लागतात. ४० टक्के सवलत मिळते ती या मूल्यातच, त्यामुळे पुढचे सगळे आकडे आपोआप खाली येतात.

समजायला सोयीचे गोल आकडे घेऊ. करपात्र मूल्य ४० हजार रुपये धरा आणि सगळे कर मिळून त्याच्या ४० टक्के. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं बिल झालं १६ हजार. शेजारच्या काकांचं करपात्र मूल्य सवलतीने २४ हजारांवर आलं, म्हणून बिल ९ हजार ६००. फरक ६ हजार ४०० रुपये. खोलीत चार कॉट असतील, तर एका कॉटमागे वर्षाला १ हजार ६००. महिन्याचे झाले साधारण १३३ रुपये.

आता इकॉनॉमिक्सवाले हात वर करतील. भाडं बाजार ठरवतो, मालक कराचा प्रत्येक रुपया भाडेकरूवर ढकलू शकतोच असं नाही, वगैरे. मान्य. पण जूनमध्ये अॅडमिशन सुरू झाल्यावर कॉलेजच्या आसपास रूम शोधून बघा. त्या दिवसांत कोणाचं चालतं, हे सांगायला पुस्तक लागत नाही.

ही सवलत काही आजची नाही. १९७० मध्ये महापालिकेच्या सभागृहाने ठराव करून ती दिली. जवळजवळ पाच दशकं कुणी तिच्याकडे फारसं वळून पाहिलं नाही. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाले. कायद्यात नसलेली सवलत निव्वळ ठरावावर कशी देता, असा प्रश्न आला. देखभालीची वजावट कायद्याप्रमाणे १० टक्के असताना पुणे १५ टक्के देत होतं, त्यावरही बोट ठेवलं गेलं. अखेर राज्य सरकारने तो जुना ठराव विखंडित केला. (विखंडित हा खास महापालिकेच्या दुनियेतला शब्द. सभागृहाने केलेला ठराव मंत्रालयाने रद्द केला की तो ‘विखंडित’ होतो.) १ एप्रिल २०१९ पासून नव्याने नोंद झालेल्या घरांना सवलत मिळेनाशी झाली. ज्या जुन्या घरांत मालक राहत नाहीत असं सर्वेक्षणात दिसलं, अशा हजारो घरांचीही सवलत काढली गेली आणि फरकाची बिलं निघाली.

मग व्हायचं तेच झालं. वाढीव बिलं हातात पडली, तसा आरडाओरडा सुरू झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत कसब्याची पोटनिवडणूक झाली आणि २ मार्चला निकाल लागला. भाजपचा बालेकिल्ला मानली जाणारी ही जागा काँग्रेसने जिंकली. प्रचारात आणि नंतर विधानसभेत मिळकतकराचा विषय गाजत राहिला. एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत कायम ठेवायचा निर्णय घेतला. जादा भरलेले पैसे पुढच्या चार वर्षांच्या बिलांत वळते करायचं ठरलं. देखभालीची वजावट मात्र १५ वरून १० टक्क्यांवर आली.

त्यानंतर आला पीटी-३ नावाचा अर्ज. ज्यांची सवलत गेली होती किंवा ज्यांना ती मिळालीच नव्हती, त्यांनी हा अर्ज भरून ‘या घरात मीच राहतो’ हे सिद्ध करायचं. पुरावा काय? सोसायटीचं पत्र, मतदान ओळखपत्र, रेशनकार्ड, गॅसचं कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स. ही यादी एकदा आपल्या नजरेने वाचा. आपल्यापैकी बहुतेकांचं मतदान गावी आहे, रेशनकार्ड गावी आहे आणि गॅस तर मेसवाल्या मावशींचा आहे. या यादीत भाडेकरू कुठेच बसत नाही. सवलत ज्याला मिळाली तो मतदार आहे आणि आपण पाहुणे, चार-पाच वर्षं राहणारे.

सवलत असूच नये, असं माझं म्हणणं नाही. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला राहत्या घराचा कर जड जातो, हे खरंच आहे. माझा आक्षेप तिच्या आखणीवर आहे. टक्क्यांतली सवलत मोठ्या घराला जास्त रुपये देते. लहान वन आरके आणि प्रशस्त बंगला, दोघांनाही ४० टक्केच. पण बंगल्याचे ४० टक्के म्हणजे घसघशीत रक्कम. त्यात जुन्या मिळकतींची आकारणी जुन्याच दराने चालत आलेली, म्हणून नव्या फ्लॅटवाल्याच्या तुलनेत त्यांचं बिल आधीच कमी. ज्याच्याकडे घर आहे त्याला सूट आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या भाड्यात अख्खा कर, याला ‘पुणेकरांना दिलासा’ म्हणायचं असेल तर पुणेकर कोण, हे आधी ठरवावं लागेल.

मुंबईने वेगळी वाट धरली. तिथे कर भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर आधारलेला आहे आणि सवलत बघते ती घराचा आकार. २०१७ च्या निवडणुकीत शिवसेनेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचं वचन दिलं. २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, त्यामुळे बाकीच्या करांचं बिल येतच राहिलं. पूर्ण माफी मिळाली ती जानेवारी २०२२ मध्ये, पुढची निवडणूक तोंडावर असताना. सुमारे १६ लाख घरांना फायदा आणि महापालिका व सरकार मिळून वर्षाला ४६२ कोटींचं उत्पन्न कमी, असा तेव्हाचा हिशेब होता. त्यामागच्या राजकारणावर हवं तर तासभर गप्पा मारा. पण छोट्या घराला सवलत हा निकष मला तरी पुण्यापेक्षा उजवा वाटतो. निदान घर भाड्याने दिलं म्हणून ती जात नाही.

जमेची बाजू, खर्चाची बाजू

हे सगळं बजेटमध्ये शोधायला जाल, तर सापडणार नाही. उड्डाणपुलाला पैसे दिले तर खर्चाच्या बाजूला तशी ओळ दिसते. सवलत मात्र खर्च म्हणून लिहिली जात नाही. जमेचा आकडा तेवढा कमी होतो. म्हणून कुणी विचारतही नाही की या रकमेत दुसरं काय झालं असतं.

आणि जमेची बाजू आता पूर्वीसारखी भक्कम राहिलेली नाही. पुण्यात २०१३ पर्यंत जकात होती. ती गेली, एलबीटी आला. तोही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी २०१५ मध्ये गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून महापालिकेला राज्याकडून जीएसटीपोटी अनुदान मिळतं, बांधकाम परवानग्यांतून पैसा येतो, आणि स्वतःच्या हातात उरलेला सर्वांत मोठा कर म्हणजे मिळकतकर. २०२५-२६ साठी पुण्याचं अंदाजपत्रक होतं १२ हजार ६१८ कोटींचं. एवढ्या मोठ्या गाड्याचं जे चाक आपल्या हातात आहे, तेच दर निवडणुकीत थोडं थोडं काढून घ्यायचं, असा हा खेळ.

कायद्याने पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत सभागृहाने ठरवायचे असतात. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, समिती त्यात आपली भर घालते, मग मुख्य सभा चर्चा करून मंजूर करते. मात्र मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली. आयुक्तच प्रशासक झाले. स्थायी समिती तेच, मुख्य सभाही तेच. अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारे एकच! २०२३ चा ४० टक्क्यांचा निर्णय झाला, तेव्हा ज्या सभागृहाने ती सवलत १९७० मध्ये दिली होती, त्यात एकही लोकप्रतिनिधी बसलेला नव्हता.

याच काळात, १ जून २०२५ पासून, पीएमपीचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं आणि दिवसाचा पास ४० वरून ७० रुपयांवर गेला. पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०-४० अशा वाट्याने भरून काढतात, म्हणजे तो पैसाही शेवटी याच तिजोरीतला. मिळकतकराची सवलत दिली म्हणून तिकीट वाढलं, असा सरळ धागा जोडता येणार नाही. पण तिकिटाचा दर बदलला की बसमधल्या प्रत्येकाला त्याच दिवशी कळतं. करातली सूट बिलावर पडते आणि ते बिल आपल्या नावावर कधी येतच नाही.

मग आपण काय करायचं?

पहिलं काम अॅग्रीमेंटचं. काही मालक करार नोंदवायला का-कू करतात. घर भाड्याने दिल्याची कागदावर नोंद झाली की ४० टक्के जातील, ही धास्ती त्यामागचं एक कारण असू शकते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम ५५ स्पष्ट आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. तो नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरलं जातं. डिपॉझिट अडकलेल्या प्रत्येकाने हे कलम पाठ करावं.

दुसरं, मतदार नोंदणी. शिकायला आलेला विद्यार्थी जिथे राहतो तिथे नाव नोंदवू शकतो, हॉस्टेलवर असला तरी. गावचं नाव कमी होतं, हे खरं. त्यामुळे सरपंचकीच्या निवडणुकीत घरचे रुसतील. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण नऱ्हे, आंबेगाव, वाघोलीसारख्या २०१७ आणि २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या गावांत भाड्याने राहणाऱ्या पोरांची संख्या बघा. तिथले मिळकतदार कर भरणार नाही म्हणून एकजुटीने उभे राहिले, तेव्हा त्यांचं ऐकून घ्यावं लागलं. टँकरच्या पाण्याने आंघोळ करणाऱ्या भाडेकरूंचं कुणी ऐकल्याचं आठवतंय?

आणि तिसरं, पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. पावसाळ्याच्या शेवटाकडे क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात. एका कामाला मर्यादा पाच लाखांची, त्यामुळे फ्लायओव्हर मागू नका. पण क्लासवरून रात्री साडेदहाला परतताना लागणाऱ्या अंधाऱ्या गल्लीतले दिवे, बसथांब्याचं छप्पर, अभ्यासिकेबाहेरचा उखडलेला फुटपाथ हे सगळं त्यात बसतं. अर्ज भरताना कामाची जागा नेमकी लिहा, जमलं तर सोबत फोटो द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.