रोजा कसा असतो आणि सूट कोणाला असते

मैत्रिणींनो, आपल्या हिंगोली जिल्ह्यात कितीतरी बचत गटांत हिंदू, बौद्ध, मुस्लिम बाया एकाच सतरंजीवर बसतात आणि हळद काढायला एकाच टोळीत जातात. रमजान लागला की गटात हमखास विचारणा होते. पाणीसुद्धा प्यायचं नाही? आजारी बाईनंही रोजा धरायचा? आज त्यावरच बोलू.

आपल्या एकादशीला साबुदाणा चालतो, भगर चालते, चहा तर चालतोच. रोजाचं तसं नाही. पहाट फुटायच्या आधी जेवून घ्यायचं, ती सहरी. मग सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा घोट नाही, तोंडानं घ्यायची गोळीही नाही. नवरा-बायकोचा संबंधही दिवसा वर्ज्य. आपल्याकडे मार्चमध्ये हे तेरा-साडेतेरा तास होतात. संध्याकाळी खजूर-पाण्यानं रोजा सोडतात, तो इफ्तार.

रमजानचा महिना फिरता असतो. चंद्राचं वर्ष साधारण 354 दिवसांचं. आपण अधिक महिना घालून सण ऋतूत धरून ठेवतो. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. 2018 मध्ये तो मे-जूनच्या उन्हात होता. 2025 मध्ये 30 मार्चला गुढीपाडवा आणि 31 मार्चला ईद झाली, एका दिवसाच्या अंतरानं पुरणपोळी आणि शीरखुर्मा!

रोजा म्हणजे नुसतं पोट रिकामं ठेवणं नव्हे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा हेतू 'तकवा' सांगितला आहे, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून स्वतःला आवरणं. खोटं, शिवी, मागे चहाडी, हेही सोडायचं. (हा नियम आमच्या काही बैठकांना बाराही महिने लागू करावासा वाटतो.)

आता सुटीचं बोलू, कारण अडचण तिथंच होते. त्याच अध्यायात आजारी आणि प्रवासी माणसाला सवलत दिली आहे: राहिलेले रोजे नंतर भरून काढा. पाळीच्या दिवसांत बाई रोजा धरतच नाही, तेवढे दिवस पुढे भरते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल, तर तिलाही पुढे ढकलता येतं. फार म्हाताऱ्या, कायमच्या आजारी माणसानं रोजामागे एका गरिबाला जेवण द्यायचं, त्याला फिदिया म्हणतात.

एवढी सोय असूनही बाया ती घेत नाहीत. पाळी आली हे घरात कळू नये म्हणून लपून पाणी पितात, नाहीतर दिवसभर उपाशीच राहतात. शुगरवाल्या गोळी चुकवतात. आम्हाला हे बरोबर वाटत नाही. नियमानंच दिलेली मोकळीक घेण्यात कसली लाज? शुगर असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या. बोटातून थेंबभर रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही. थरथर, घाम, चक्कर जाणवली किंवा शुगर 70 च्या खाली गेली, तर तिथंच रोजा सोडून गोड काही घ्यायचं.

टोळीत रोजा असलेली बाई असेल, तर तिला भल्या सकाळचं काम द्या, हळद शिजवायच्या कढईजवळ उभी करू नका. "घोटभर पी गं, कोण बघतंय" असा आग्रहही नको. आणि ती पाणी पिताना दिसली तर का म्हणून विचारू नका.

गटाची बैठक त्या महिन्यात सकाळी नऊ-दहाला घ्या. तिन्हीसांजेला नको, तेव्हा त्या रोजा ठेवूनच चुलीपुढे असतात आणि पहाटे तीनलाही सहरीसाठी त्याच उठलेल्या असतात. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे गरिबाला फित्रा द्यायचा असतो, वर कपडे, शेवया. अंतर्गत कर्जाची मागणी तेव्हाच येते, म्हणून तो ठराव रमजान लागण्याआधीच्या बैठकीत घेऊन ठेवा.