मुद्दाम केलेला काळोख

प्रवेश संपतो, मिट्ट काळोख होतो आणि दिवे परत येतात तेव्हा दिवाणखान्याच्या जागी कचेरी उभी असते. दादरच्या शिवाजी मंदिरात नाही तर गिरगावच्या साहित्य संघात हे आपण कितीदा पाहिलंय! पण त्या काही क्षणांत रंगमंच कामगार न ठेचकाळता वावरतात कसे? सरावाने, हे खरंच. पण त्यात डोळ्याचाही वाटा आहे. अंधुक उजेड टिपणारं डोळ्यातलं रंगद्रव्य झगझगीत प्रकाशात विरून जातं आणि पुरतं भरून यायला जवळपास अर्धा तास घेतं. उजळलेल्या मंचाकडे टक लावून बसलेले आपण म्हणूनच एकदम आंधळे होतो. विंगेतल्या मंद उजेडात थांबलेल्यांचे डोळे मात्र आधीच तयार असतात. एकच काळोख, आणि तो दोघांना वेगळा दिसतो!

या काळोखाला आपण ब्लॅकआउट म्हणतो. हा शब्द या अर्थाने रुळला तो इंग्रजी रंगभूमीवर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. गॅसच्या दिव्यांची ज्योत बारीक करता यायची, पण सगळे दिवे विझवून लगेच पेटवणं जिकिरीचं होतं. 1881 साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात वीज आली. पुढे विजेने अख्खा मंच एका क्षणात नाहीसा करणं सोपं केलं.

मग नाटकातला हा शब्द युद्धावर गेला. 1 सप्टेंबर 1939 पासून ब्रिटनने रात्रीचे दिवे झाकले, तेव्हा अपघात इतके वाढले की फुटपाथच्या कडा पांढऱ्या रंगवाव्या लागल्या. आपल्याकडे शिवाजी मंदिर सुरू झालं ते 1965 साली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात युद्धामुळे मुंबईवर ब्लॅकआउट आला. डिसेंबर 1971 मध्ये तो पुन्हा आला. काचांना काळे कागद लागले, मोटारींचे हेडलाइट अर्धे काळे झाले. गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस बेतणारं लालबाग-परळ आता हवाई हल्ल्याच्या दुसऱ्याही भोंग्याकडे कान लावून राहिलं. दिव्यांनी उजळलेला किनारा वैमानिकाला वरून शहराचा नकाशाच काढून देतो. तो नकाशा पुसायचा होता.

सर्वांत थक्क करणारा अर्थ मात्र त्या वैमानिकाच्याच डोळ्यात आहे. विमान झपकन वर उचललं की त्याचं रक्त पायांकडे ओढलं जातं. डोळ्याच्या गोलात मुळातच दाब असतो, त्यामुळे डोक्याकडचा रक्तदाब उतरला की मेंदूच्या आधी दृष्टिपटलाचं रक्त तुटतं. समोर सगळं काळं होतं, आणि तरी तो शुद्धीवर असतो, ऐकू शकतो, विचार करू शकतो. यालाही ब्लॅकआउटच म्हणतात. तेवढ्यात त्याने विमान वर खेचण्याचा ताण सैल केला, तर काही क्षणांत नजर परत येते. नाही केला, तर शुद्धही जाते.