घरच्या घरी रंगीत लेझर बनतो कसा? आणि डीजेच्या गाडीवर चढला की तो डोळ्यांवर का उठतो?

गणपती असो, शिवजयंती असो की लग्नाची वरात, डीजेच्या गाडीवर लेझर लावायची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावसारख्या तालुक्याच्या गावातही (यंत्रमागांचं मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं, हे अकोला-वाशिम रस्त्यावरचं) ती पोहोचू शकते. तयार मशीन महाग पडतं. मग इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला एखादा पोरगा व्हिडिओ बघतो, कुरिअरने तीन डायोड आणि एक ड्रायव्हर बोर्ड मागवतो आणि घरीच जुळणी करतो.

हे खरंच जमतं का? जमतं. अवघड आहे का? वाटतं तितकं नाही. मग अडचण कुठे आहे? लेझर बनवणं सोपं झालं, पण तो सुरक्षित बनवणं सोपं झालेलं नाही. हे नीट समजून घेऊ.

लेझर आणि साध्या दिव्यात फरक काय?

घरातल्या बल्बचा प्रकाश चहूकडे पसरतो. लेझरचा प्रकाश एकाच दिशेने, जवळजवळ एकाच रंगाचा आणि अगदी बारीक झोतात जातो. ९ वॅटच्या एलईडी बल्बकडे आपण सहज बघतो, पण १ वॅटचा लेझर काळ्या कागदावर स्थिर धरला तर कागद जळायला लागतो. सगळी ताकद एका ठिपक्यात गोळा होते, म्हणून.

जगातला पहिला लेझर १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून बनवला. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी लाल प्रकाश देणारा लेझर डायोड करून दाखवला. निळ्यासाठी मात्र १९९६ उजाडावं लागलं. जपानमध्ये निचिया कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी तो साधला. थेट हिरवा प्रकाश देणारे डायोड तर २००९ च्या सुमारास आले. म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही डायोड हौशी माणसाच्या हाताला लागायला अर्धं शतक गेलं.

एका डबीतून सगळे रंग कसे निघतात?

तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनचीच युक्ती इथे आहे. लाल आणि हिरवा मिळून पिवळा, लाल आणि निळा मिळून जांभळट गुलाबी, तिन्ही मिळून पांढरा.

डबीत तीन डायोड असतात. साधारणपणे ६३८ नॅनोमीटरचा लाल, ५२० चा हिरवा आणि ४५० चा निळा. प्रत्येकापुढे एक भिंग असतं, ते पसरणारा प्रकाश सरळ करतं. मग ४५ अंशात बसवलेल्या खास काचा लागतात. ही काच एक रंग आरपार सोडते आणि दुसरा आरशासारखा परतवते. अशा दोन काचांनी तिन्ही किरणं एका रेषेत आणली जातात.

खरं कौशल्य इथे लागतं. तिन्ही ठिपके जवळच्या भिंतीवर एकत्र दिसले म्हणजे काम झालं असं नाही. दहा मीटरवरही ते एकमेकांवर पडले पाहिजेत. नाहीतर पांढऱ्या रेषेच्या कडेला लाल-निळी झालर दिसते.

ड्रायव्हर बोर्ड नेमकं करतं काय?

बल्बला ठरावीक व्होल्टेज दिलं की तो चालतो. लेझर डायोडचं तसं नाही. त्याला ठरावीक करंट लागतो. डायोड तापला की त्याच व्होल्टेजला तो जास्त करंट ओढायला लागतो. जास्त करंटने आणखी तापतो आणि आणखी ओढतो. हे चक्र थांबवणारं कोणी नसेल तर डायोडचं तोंड क्षणात जळतं. मग तो लेझर राहत नाही, मिणमिणता एलईडी होतो.

ड्रायव्हर बोर्ड म्हणजे या करंटला लावलेला लगाम. हौशी लोकांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर एलएम३१७ या स्वस्त आयसीवर बनतो. ही आयसी आपल्या दोन पायांमध्ये नेहमी १.२५ व्होल्ट राखते. त्या दोन पायांमध्ये ५ ओहमचा रेझिस्टर लावला की १.२५ भागिले ५, म्हणजे ०.२५ अँपिअर. पुढे काहीही जोडा, करंट २५० मिलिअँपिअरच्या वर जात नाही.

पण हा ड्रायव्हर उरलेलं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. लाल डायोडला सव्वादोन-अडीच व्होल्ट पुरतात. त्याला १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवलं तर बरीचशी वीज नुसतीच तापते. म्हणून आता मिळणारे तीन चॅनेलचे बोर्ड वेगळ्या पद्धतीने, झपाट्याने चालू-बंद होत करंट राखतात आणि कमी तापतात.

सात रंग की दीड कोटीहून जास्त?

बोर्ड घेताना एक शब्द हमखास भेटतो, टीटीएल. याचा अर्थ प्रत्येक रंग एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. तीन रंगांच्या अशा जोड्या होतात आठ. त्यातली एक म्हणजे सगळं बंद, म्हणून उरले सात. स्वस्त मशीनवर ‘सात रंग’ लिहिलेलं असतं ते यामुळेच.

दुसरा प्रकार अॅनालॉग. यात ० ते ५ व्होल्टचा सिग्नल देऊन प्रत्येक रंग कमी-जास्त करता येतो. प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर १ कोटी ६७ लाखांहून जास्त छटा होतात.

अनेक जण इथे आर्डुइनो जोडतात. पण त्याच्या बहुतेक पिना ठरलेल्या सेटिंगवर सेकंदाला सुमारे ४९० वेळाच चालू-बंद होतात. ठिपका स्थिर असेल तर चालतं. आरसे हलवून आकृती काढायला गेलं की सलग रेषेऐवजी तुटक ठिपके दिसतात.

विदर्भाच्या उन्हात पांढऱ्याचा निळसर का होतो?

लाल डायोड उष्णतेला सगळ्यात हळवा असतो. तो तापला की त्याचा प्रकाश झपाट्याने कमी होतो. हिरवा आणि निळा त्या मानाने तग धरतात. एप्रिल-मेमध्ये अकोला-वाशिमकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या बंद डबीत तर त्याहून जास्त. मग लाल मंदावतो आणि पांढरा रंग निळसर-हिरवट दिसायला लागतो.

बरेच जण इथे लालचा करंट वाढवतात. तो आणखी तापतो आणि मरतो. उपाय म्हणजे अॅल्युमिनियमचा जाड ठोकळा, पंखा किंवा थंड करणारी पेल्टिअर प्लेट. हवा कोरडी असल्यामुळे अंगावरची स्थिर वीजही डायोडचा जीव घेते. हाताळण्यापूर्वी हात अर्थ करून घ्यावा लागतो.

डोळ्याला नेमकं काय होतं?

आपल्या डोळ्यात बुबुळाच्या मागे एक भिंग आहे. ते समांतर येणारा प्रकाश मागच्या पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं. लेझरचा झोत तर जवळजवळ समांतरच असतो. त्यामुळे डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता पडद्यावर सुमारे एक लाख पटीने वाढते.

डोळ्याला झेपतो किती? अचानक उजेड आला की पाव सेकंदात पापणी मिटते. तेवढा वेळ धरून दिसणाऱ्या लेझरची मर्यादा १ मिलिवॅट ठरली आहे. ५०० मिलिवॅटच्या वरचा लेझर चौथ्या, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात मोडतो.

आता एक ढोबळ हिशेब करू. २ वॅटचा झोत वीस मीटरवर पसरून साडेतीन सेंटिमीटर रुंद झाला असं धरा. रात्री बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडी असते. तेवढ्यातून आत जाणारा प्रकाश होतो सुमारे ८० मिलिवॅट, म्हणजे मर्यादेच्या ऐंशी पट. आरसे फिरत असतील तर झोत डोळ्यावर क्षणभरच राहतो. पण खड्ड्यात ट्रॉली आदळून आरसा अडकला, तर तो एका जागी थांबतो. पापणी मिटेपर्यंत इजा झालेली असते.

निळ्या रंगाचा धोका आणखी फसवा. आपल्या डोळ्याला हिरवा खूप उजळ दिसतो, तर तितक्याच ताकदीचा ४५० नॅनोमीटरचा निळा जवळजवळ वीस पट मंद. मंद दिसतो म्हणून माणूस बघत राहतो, पण पडद्यावर पडणारी ऊर्जा तेवढीच असते.

जुन्या पद्धतीच्या हिरव्या लेझरमध्ये न दिसणारा धोकाही असतो. तो आधी अवरक्त किरणं तयार करतो आणि मग त्यातून हिरवा काढतो. ती किरणं अडवणारी काच नसेल तर ती बाहेर येतात. २०१० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेला १० मिलिवॅट म्हणून विकलेल्या एका हिरव्या पॉइंटरमधून जवळपास २० मिलिवॅट अवरक्त किरणं निघताना आढळली. याच संस्थेने पुढे १२२ पॉइंटर तपासले, तर हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के नियमात बसले नाहीत. म्हणजे डबीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

कायदा काय म्हणतो?

विसर्जन मिरवणुकीनंतर तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी कोल्हापूर आणि नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांनी अलीकडच्या वर्षांत मांडल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये हा विषय अखिल भारतीय ग्राहक पंचायतीच्या याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला. लेझरवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा नाही, पण इतरांची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल असलेल्या कायद्याखाली पोलिसांकडे दाद मागता येते, असं न्यायालयाने सांगितलं. पुणे पोलिसांनी त्या वर्षीच्या गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदी घातली.

अमेरिकेच्या नियमांनुसार असा झोत प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून किमान ३ मीटर उंच ठेवावा लागतो. आपल्याकडे तो ट्रॉलीवर, नाचणाऱ्या पोरांच्या डोक्याच्या उंचीवर बांधलेला दिसतो.

बनवायचाच असेल तर?

शिकण्यासाठी बनवायला हरकत नाही. पण काही गोष्टी सोडून चालत नाहीत.

- ड्रायव्हर आधी खोट्या लोडवर तपासा. साध्या १एन४००७ डायोडांची माळ आणि १ ओहमचा रेझिस्टर लावा. रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर.
- खरा डायोड जोडण्यापूर्वी बोर्डवरच्या कपॅसिटरमधली साठलेली वीज काढून टाका.
- चष्मा त्या-त्या रंगाचा हवा. उन्हाचा गॉगल काहीच थांबवत नाही. तिन्ही रंग अडवणारा चष्मा घातला तर समोरचंही नीट दिसत नाही, म्हणून एका वेळी एकच रंग जुळवा.
- आरसे थांबले की लेझर आपोआप बंद करणारं सर्किट आणि हाताशी मोठं बंद बटण ठेवा.
- झोत कधीही डोळ्यांच्या उंचीवर किंवा आकाशात विमानाकडे सोडू नका. घड्याळ, स्टीलचा डबा, टाइल यांवरून परतलेला झोतही तितकाच घातक.
- मिरवणुकीत घरी जुळवलेला लेझर लावूच नका.

आणि डोळ्यात गेलाच तर?

या इजेचा सगळ्यात वाईट भाग म्हणजे ती दुखत नाही. पडद्याला वेदना कळत नाही. मिरवणूक संपते, माणूस झोपतो आणि सकाळी मोबाइल वाचताना मधली अक्षरं गायब दिसतात.

एक एक डोळा झाकून चौकटीच्या वहीच्या पानाकडे बघा. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये काळा डाग दिसला, तर मेडिकलमधून थेंब आणून वाट बघू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि लेझर लागल्याचं स्पष्ट सांगा, म्हणजे ते पडद्याची तपासणी करतील. काहींचं रक्त शोषलं जाऊन नजर सुधारते, पण मधला भाग जळला असेल तर तो परत येत नाही.

डायोड जळला तर नवा मागवता येतो. डोळ्याचा पडदा कुठल्याच कुरिअरने येत नाही.