नसलेल्या नोंदीचा कायदा

डेटाबेसातून एखादी माहिती शोधून काढण्यास जे श्रम पडतात ते दर खेपेस नव्याने करण्यापेक्षा तिची एक प्रत हाताशी ठेवावी आणि ठरलेली मुदत सरली की ती शिळी समजून टाकून द्यावी, एवढाच संगणकाच्या व्यवहारातील ‘कॅश’चा गाभा होय, कचेरीतील जाणता कारकून वारंवार मागणी होणारे कागद दप्तरखान्यात परत न धाडता मेजाच्या खणातच राहू देतो, त्याहून गूढ असे त्यात काही नाही. तथापि या साध्या गोष्टीचा सर्वमान्य इंटरफेस, म्हणजे कोणत्याही प्रोग्रामने कोणत्याही कॅशशी कसा व्यवहार करावा याचा करार, लिहावयास बसले की जाणती माणसेही वर्षानुवर्षे वाद घालतात. जावाच्या मंडळींनी असा प्रस्ताव २००१ साली दाखल केला आणि त्याला अंतिम मंजुरी मिळाली ती २०१४ मध्ये. पीएचपी भाषेतील निरनिराळ्या फ्रेमवर्कांच्या कर्त्यांनी २००९ साली स्थापन केलेल्या गटाचा अनुभवही फारसा निराळा नव्हे: त्यांचा पीएसआर-६ हा मसुदा डिसेंबर २०१५ मध्ये संमत झाला, आणि तोवर क्रमाने मागचा पीएसआर-७ त्याच्या पुढे निघूनही गेला होता.

या विलंबाचे कारण मला जवळून पाहावयास मिळाले ते मेमकॅश्डला पीएसआर-६ च्या कलमांत बसवण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा. लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली लिहिलेला हा सर्व्हर स्वभावाने सरळ, पण त्याचे काही जुने शिरस्ते आहेत. मुदतीचे सेकंद तीस दिवसांच्या आत असतील तर तो ते नोंदीच्या क्षणापासून मोजतो. त्याहून अधिक झाले की त्याच आकड्याला १ जानेवारी १९७० पासून मोजलेला काळ समजतो, आणि मग चाळीस दिवस टिकावी म्हणून ठेवलेली नोंद फेब्रुवारी १९७० मध्येच कालबाह्य ठरून ठेवताक्षणी नाहीशी होते. कराराला असल्या शिरस्त्यांची वार्ताही नसावी, म्हणून मुदतीचे हे रूपांतर दोहोंमधल्या दुव्याने निमूटपणे करावयाचे. किल्लीचे, म्हणजे नोंदीच्या नावाचे, तसेच. मेमकॅश्ड २५० बाइटांचे नाव खुशाल स्वीकारतो, परंतु करार हमी देतो ती ६४ अक्षरांचीच, आणि महिरपी व गोल कंस, दोन्ही तिरप्या रेघा, ॲट आणि अपूर्णविराम ही चिन्हे राखून ठेवतो. रेडिस हा दुसरा सर्व्हर वापरणाऱ्यांना नावांत जागोजाग अपूर्णविराम घालण्याची सवय. या कलमावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असल्यास नवल नाही.

परंतु खरी मेख आहे ती ‘नाही’ या उत्तरात. कॅशमध्ये नोंदच नसणे ही एक गोष्ट, आणि ‘या ग्राहकास सवलत लागू नाही’ असा निर्णय ‘नल’ या मूल्याने नोंदलेला असणे ही सर्वस्वी दुसरी. पहिल्या स्थितीत डेटाबेसाकडे जाणे भाग असते, दुसरीत ते व्यर्थ असते. मेमकॅश्डचे पीएचपी एक्स्टेन्शन नोंद न सापडल्यास ‘फॉल्स’ परत करते, आणि फॉल्स हेच मूल्य साठवलेले असले तरीही तेच. भेद जाणावयाचा तर निकालाचा कोड वेगळा विचारावा लागतो. म्हणून पीएसआर-६ मूल्य थेट हाती देतच नाही. नोंद असो वा नसो, तिच्याऐवजी एक ‘आयटम’ मिळतो, आणि ती सापडली होती की नाही हे त्यालाच विचारावयाचे. शिवाय सापडल्याचा दाखला आणि प्रत्यक्ष मूल्य यांच्या दरम्यान मुदत संपून फसगत होता कामा नये अशी सक्त ताकीद असल्यामुळे मला दोन्ही गोष्टी एकाच फेरीत आणून आयटमात बंद कराव्या लागल्या.

तजवीज चोख, पण रोजच्या कामात तिचा जाच होतो: आयटम मागा, मूल्य भरा, मुदत लिहा, मग तो पुन्हा कॅशच्या स्वाधीन करा. जानेवारी २०१७ मध्ये पीएसआर-१६ हा सुटसुटीत करार संमत झाला तो यामुळेच. त्यात ‘गेट’ म्हटले की मूल्य, ‘सेट’ म्हटले की साठवण. मात्र नोंद नसल्यास नल, आणि नल साठवले असल्यासही नलच. कर्त्यांनी ही उणीव झाकली नाही, मसुद्यातच लिहून ठेवली. नोंद आहे का हे सांगणाऱ्या ‘हॅज’च्या होकारावर विसंबू नका, पुढच्याच क्षणी दुसरी स्क्रिप्ट ती नोंद पुसू शकते, हेही बजावले. माझे मत विचाराल तर इतरांसाठी लायब्ररी लिहिणाऱ्याने सहाव्याचा जाच पत्करावा. स्वतःच्या संकेतस्थळापुरते काम असणाऱ्यास सोळावा पुरे.

सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कच्या कॅश-घटकात या दोन करारांमधील दुवे आयते मिळतात. सहाव्यावर सोळावा बसवणे सोपे, कारण त्यात भेद गाळावयाचाच असतो. उलट दिशेने मात्र गाळलेला भेद पुन्हा निर्माण करावा लागतो. त्यासाठी योजलेली युक्ती मला फार आवडली: एक रिकामा ऑब्जेक्ट तयार करून ‘नोंद नसल्यास हा परत द्या’ म्हणून तो सोळाव्याच्या हाती द्यावयाचा, आणि परत आलेला ऑब्जेक्ट नेमका तोच असेल तरच नोंद नव्हती असे धरावयाचे, नल आले, तर ते कोणीतरी जाणूनबुजून ठेवलेले नल.