क्रूझ संपली, आता पुढे चार दिवस राहायचे का?

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे उन्हाळ्यात आले की अलास्काच्या क्रूझचा विषय आपल्याकडे हमखास निघतो. सामानाची चढ-उतार नाही, जेवण तयार, ज्यांना चालवत नाही त्यांनाही खिडकीतून हिमनद्या दिसतात, त्यामुळे तीन पिढ्यांच्या सहलीला हा प्रकार सोयीचाच. बुकिंग होते आणि मग कोणीतरी म्हणतो, "एवढे लांब चाललोच आहोत, तर क्रूझनंतर तीन-चार दिवस राहून डेनाली पाहून येऊ." प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र आपली क्रूझ कोणत्या बंदरात संपते, बरोबर कोण आहे आणि विमा कोणता आहे यांवर अवलंबून असते.

अलास्काच्या सात दिवसांच्या क्रूझ मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिला प्रकार सिॲटल किंवा व्हॅंकुव्हरहून निघून तिथेच परत येणारा. दुसरा एका दिशेने जाणारा, म्हणजे व्हॅंकुव्हरहून निघून अलास्कातल्या व्हिटियर किंवा सीवर्ड बंदरात संपणारा, किंवा त्याच्या उलट. सिॲटलहून एकेरी क्रूझ का दिसत नाही, असे बरेच जण विचारतात. त्याचे कारण १८८६ सालचा एक कायदा. परदेशी नोंदणीच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात सोडता येत नाही, आणि मोठ्या क्रूझ बोटी जवळजवळ सगळ्याच परदेशी नोंदणीच्या. म्हणूनच सिॲटलहून फेरी मारणाऱ्या बोटीसुद्धा परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. या थांब्याचा आपल्या व्हिसाशी संबंध आहे. त्याकडे पुढे येऊच.

क्रूझ सिॲटलला संपत असेल तर माझे मत स्पष्ट आहे: एखादा दिवस शहर बघा आणि घरी या. माउंट रेनियर सुंदर आहे, पण तिथे पुढे एखाद्या लाँग वीकएंडला जाता येते. त्यासाठी वर्षाच्या मोजक्या सुट्टीतले चार दिवस आणि आई-बाबांची दमणूक खर्च करण्यात अर्थ नाही. व्हॅंकुव्हरला संपत असेल तर बॅन्फचा मोह होतो. पण ते व्हॅंकुव्हरहून मोटारीने साडेआठशे किलोमीटरच्या आसपास आहे. ती वेगळीच सहल, तिला शेपटासारखे जोडू नये.

व्हिटियर किंवा सीवर्डला उतरणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथून विमानतळासाठी अँकरेजला यावेच लागते. व्हिटियर साठ मैलांवर, सीवर्ड सुमारे सव्वाशे मैलांवर. (व्हिटियरहून येताना अडीच मैलांचा एकेरी बोगदा लागतो. त्याच रुळांच्या रस्त्यावरून गाड्याही जातात आणि रेल्वेही, म्हणून आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. मुलांना याची फार गंमत वाटते.) अँकरेजपासून डेनाली राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार सुमारे २४० मैल. मोटारीने चार ते पाच तास, अलास्का रेलरोडने साडेसात तासांच्या आसपास. म्हणजे आपण दाराशी पोचलेलेच असतो. शिवाय आठवडाभर बोटीवरून समुद्र आणि हिमनद्या पाहून झालेल्या असतात. आतल्या प्रदेशातले अस्वल, कॅरिबू, मूस आणि पसरलेला टंड्रा हे बोटीवरून दिसत नाही. म्हणून राहायचेच असेल तर आत जा. सीवर्डला थांबून पुन्हा हिमनदीची बोट घेणे म्हणजे श्रीखंडावर बासुंदी.

डेनालीबद्दल दोन गोष्टी आधीच कळलेल्या बऱ्या. शिखराची उंची २०,३१० फूट. २०२५ मध्ये सरकारने त्याचे नाव पुन्हा माउंट मॅकिन्ली केले, उद्यानाचे नाव डेनालीच आहे. हे शिखर बहुतेक वेळा ढगात असते. येणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकालाच ते दिसते असे सांगतात, तेव्हा आजींना "शिखर दाखवतो" असे वचन देऊ नका. दुसरे म्हणजे उद्यानातला रस्ता ९२ मैलांचा आहे, पण स्वतःची गाडी उन्हाळ्यात पहिल्या १५ मैलांपर्यंतच नेता येते. पुढे उद्यानाच्या बसने जायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये जमीन सरकल्याने हा रस्ता ४३व्या मैलाजवळ बंद करावा लागला आणि तिथे पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या तारखांना बस कुठपर्यंत जाते हे विचारूनच पैसे भरा. उंचीची मात्र काळजी नको. प्रवेशद्वार सतराशे फुटांच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी.

आता पैसे. समजा सहा माणसे आहेत: नवरा-बायको, दोन मुले, आई-बाबा. चार रात्री राहायचे. दोन खोल्या, प्रत्येकी रात्रीचे ३०० डॉलर धरले तर २,४००. व्हॅन आणि पेट्रोल मिळून ७५०. जेवणखाण माणशी दिवसाला ५० म्हणजे १,२००. उद्यानाची बस, प्रवेश वगैरे ४००. एकूण ४,७५० डॉलर. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. उन्हाळ्यात अलास्कात खोल्या आणि भाड्याच्या गाड्या दोन्ही महाग, आणि उशीर केला तर मिळतही नाहीत. बोटीवर खोली आणि जेवण भाड्यातच धरलेले असल्यामुळे जमिनीवर उतरल्यावर खर्च एकदम डोळ्यात भरतो, हेही लक्षात असू द्या.

याउलट, डेनालीसाठी पुढे कधी वेगळे यायचे म्हटले तर सहा विमान तिकिटे पुन्हा काढावी लागतील. माणशी ६०० धरले तरी ३,६००. म्हणजे आत्ता राहिल्याने ३,६०० वाचले, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब खरा केव्हा? आपण पुढे खरोखरच येणार असू तर. येणार नसू, तर वाचले काहीच नाही, ४,७५० गेले. सेलमध्ये निम्म्या किमतीत घेतलेल्या, पण नको असलेल्या कोटासारखेच ते. आणि ही रक्कम क्रेडिट कार्डावर टाकून फेडणार असाल तर गणित आणखी बिघडते. २२ टक्के व्याजाने महिन्याला २०० डॉलर भरत राहिले तर फिटायला सुमारे ३२ महिने लागतात आणि व्याजच दीड हजाराच्या घरात जाते. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी सहल निघेल तेव्हाही हीच सहल फेडत असाल.

क्रूझ कंपन्यांचे स्वतःचे 'क्रूझटूर' असतात. त्यांत रेल्वे, लॉज, सामान पोचवणे सगळे एकत्र मिळते. दोघेच ज्येष्ठ असतील आणि गाडी चालवायची नसेल तर जास्त पैसे देऊन ते घ्यावे असे मी म्हणेन. तिथे दर माणशी आकारणी असते. सहा जण असाल तर व्हॅन भाड्याने घेणे बहुधा स्वस्त पडते.

एक पर्याय फारसा कोणी विचारात घेत नाही: क्रम उलटा करणे. आधी विमानाने अँकरेज गाठून डेनाली करायचे आणि मग व्हिटियर किंवा सीवर्डहून दक्षिणेकडे जाणारी क्रूझ घ्यायची. दगदग आधी, आराम नंतर. भारतातून आलेल्या सत्तरीच्या माणसांना हा क्रम फार मानवतो. आणखी एक फायदा असा की विमान रद्द झाले तरी बोट चुकत नाही, कारण आपण चार दिवस आधीच तिथे असतो. बोट कोणासाठी थांबत नाही. क्रूझनंतर राहायचे नसले तरी आधीची एक रात्र बंदराच्या गावी काढावीच. मात्र ही क्रूझ व्हॅंकुव्हरला, म्हणजे कॅनडात संपते.

तब्येतीचे काय? बोटीवरून उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते. बहुतेकांना ते एक-दोन दिवसांत जाते, पण वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो. पहिल्या दिवशी जिने, दगडगोटे नकोत. पोटाचा नोरोव्हायरस लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांनी लक्षणे दाखवतो. शेवटच्या रात्री बोटीवर लागला तर तो डेनालीच्या बसमध्ये उपटेल. म्हणून उतरण्याचा दिवस अँकरेजमध्ये विश्रांतीचा ठेवा. जूनमध्ये अँकरेजला १९ तासांहून अधिक उजेड असतो. मुले खूश असतात, पण आजोबांची झोप उडते आणि झोपेबरोबर रक्तदाबाचे वेळापत्रकही. डोळ्यांवरची पट्टी जवळ ठेवा. देवापाशी दिवा लावायची वेळ शोधत बसलेल्या आजींची समजूत घड्याळ दाखवूनच काढावी लागेल, आणि संकष्टी असेल तर चंद्रोदय आधीच पाहून ठेवा.

क्रूझच्या शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवाव्या लागतात. औषधे, इन्सुलिन, चष्मा, पासपोर्ट त्या बॅगेत जाऊ देऊ नका. औषधे घेताना जास्तीच्या चार दिवसांबरोबर आणखी आठवडाभराचा साठा धरा. डेनालीच्या बसमध्ये खायला मिळत नाही. मधुमेह असलेल्यांनी डबा, पाणी बरोबर घ्यावेच. शाकाहारी मंडळींनी अँकरेजमधून दही, पाव, फळे घेऊन निघावे. दशम्या आणि मेतकूट घरून आणले असेल तर उत्तमच. उद्यानाजवळ हीली गावात छोटा दवाखाना आहे, पण मोठे इस्पितळ सुमारे १२० मैलांवर फेअरबँक्सला. अलीकडे हृदयाचा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांना हे अंतर सांगून मग विचारा.

विम्याची बाजू नीट वाचण्यासारखी आहे. ग्रीन कार्डवर किंवा नागरिक असलेल्या आई-बाबांना मेडिकेअर असेल, तर ते अमेरिकेबाहेर साधारणपणे चालत नाही. बोटीवरचे उपचार ते फक्त तेव्हाच धरते, जेव्हा बोट अमेरिकन बंदरात असते किंवा अशा बंदरातून निघाल्यापासून वा तिथे पोचण्याआधी सहा तासांच्या आत असते. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम, एन या योजनांत परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च मिळतो. आधी २५० डॉलर आपण भरायचे, प्रवासाचे पहिले ६० दिवसच धरले जातात आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. गंमत अशी की डेनाली अमेरिकेतच असल्यामुळे मूळ मेडिकेअर तिथे पूर्ण चालते. विम्यापुरते बोलायचे तर जोडलेले चार दिवस बोटीपेक्षा कमी धोक्याचे. मेडिकेअर ॲडव्हांटेज किंवा नोकरीतली एचएमओ असेल तर मात्र गावाबाहेर बहुधा तातडीचीच सेवा मिळते.

पाहुणे म्हणून आलेल्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स वेगळा. त्यात कॅनडा आणि बोट धरली आहे का, आणि जुन्या आजाराचा अचानक झटका आला तर वयाची अट काय, हे दोन प्रश्न लेखी विचारा. बोटीवरच्या डॉक्टरचे बिल आपल्या खोलीच्या खात्यात लागते. ते आपण भरायचे आणि मग विमा कंपनीकडे मागायचे, म्हणून कागद जपा.

सहल रद्द होण्याचा विमा घेताना नेहमीची चूक होते ती अशी: विमा फक्त क्रूझच्या रकमेचा आणि क्रूझच्या तारखांचा काढला जातो, डेनालीचे चार दिवस नंतर जोडले जातात आणि विम्याला ते ठाऊकच नसते. क्रूझ कंपनीमार्फत काढलेला विमा बहुधा तिच्याकडून घेतलेल्या भागापुरताच असतो. जुन्या आजारांची अट शिथिल करून हवी असेल तर पहिली अनामत भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत विमा घ्यावा लागतो. म्हणजे पुढे राहायचे की नाही हे ठरवायची खरी वेळ हीच.

शेवटी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर आलेल्या पाहुण्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो, व्हिक्टोरियाला बोट काही तासच थांबणार असली आणि उतरायचे नसले तरीही. तो मिळायला वेळ लागतो. क्रूझचे पैसे भरण्याआधी अर्ज करा. ग्रीन कार्ड असलेल्यांना तो लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. परत येताना अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, तेही पाहा. कॅनडाला आठवडाभर जाऊन आल्याने आय-९४ वर नवे सहा महिने मिळतील असे धरू नका. परतीच्या विमानाची तारीख जुन्या मुदतीतच ठेवा. ज्यांचा एच-१चा शिक्का संपला आहे त्यांनी निघण्याआधी वकिलाला विचारावे. अँकरेजहून खालच्या राज्यांकडे येणारी बरीच विमाने रात्री उशिरा निघतात, तेव्हा डेनालीहून परतण्याच्या दिवशीच रात्रीचे विमान घेतले तर एका रात्रीच्या दोन खोल्यांचे भाडे वाचते. आई-बाबा बरोबर असतील तर मात्र तेवढे ६०० डॉलर खर्च करून सकाळचे विमान घ्या.