बांधकामाचे वेळापत्रक आणि पट्टी-तक्ता

बांधकामाच्या जागेवर जी तात्पुरती कचेरी उभारलेली असते, तिच्या भिंतीवर एक कागद हटकून आढळतो. डाव्या बाजूस कामांची नावे एकाखाली एक लिहिलेली. वरच्या कडेला आठवडे किंवा महिने. आणि प्रत्येक कामासमोर त्याच्या आरंभापासून अखेरीपर्यंत ओढलेली एक आडवी पट्टी. व्यवहारात यास बार चार्ट म्हणतात. येथे त्यास पट्टी-तक्ता असे म्हटले आहे. नकाशे वाचण्याची सवय नसलेल्या मालकास तो समजतो, मुकादमास समजतो, आणि बँकेच्या अधिकाऱ्यासही समजतो. नियोजनाच्या इतर अनेक पद्धती निघाल्या तरी हा तक्ता भिंतीवरून उतरला नाही, याचे कारण त्याचा हा सुबोधपणा होय. परंतु या सुबोधपणाची एक किंमत आहे. काम केव्हा सुरू व्हावयाचे हे पट्टी सांगते; ते त्याच दिवशी का सुरू व्हावयाचे, याविषयी ती मौन पाळते. बांधकामातील पुष्कळसा घोटाळा, व क्वचित प्रसंगी प्राणहानीही, या मौनातून उद्भवते.

कालाचे अंतर रेषेच्या लांबीने दाखविण्याची कल्पना तशी जुनी आहे. जोसेफ प्रीस्टली याने १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात थोर पुरुषांची आयुष्ये अशाच रेषांनी दाखविली होती. उत्पादनाच्या कामी तिचा पद्धतशीर उपयोग पोलिश अभियंता कारोल आदामियेत्स्की याने १८९६ च्या सुमारास केला. ‘हार्मोनोग्राम’ या नावाच्या त्याच्या तक्त्यात प्रत्येक कामाची पट्टी सरकविता येत असे, आणि त्या कामापूर्वीचे काम कोणते व नंतरचे कोणते याची नोंद तिच्यावरच केलेली असे. म्हणजे ‘केव्हा’बरोबर ‘का’ही तेथे होते. पण त्याचे लेखन पोलिश व रशियन भाषांत झाल्याने पश्चिमेकडे ते फारसे कोणाच्या दृष्टीस पडले नाही. जगभर नाव झाले ते हेन्री गँट (१८६१–१९१९) या अमेरिकन अभियंत्याचे. आणि त्याच्या तक्त्यांचा प्रसार वॉलेस क्लार्क याच्या १९२२ च्या ग्रंथाने केला. यातील गंमत अशी की, आज ज्यास सरसकट गँटचा तक्ता म्हणतात तो गँटने काढलेल्या तक्त्यांहून बराच निराळा आहे. गँटचे लक्ष कारखान्यातील यंत्रे व कामगार यांच्या रोजच्या कामाकडे होते, आणि त्याच्या तक्त्यातील एका चौकटीचा अर्थ दुहेरी असे: तेवढा काळ, आणि तेवढ्या काळात व्हावयाचे ठरलेले काम. या दुहेरी अर्थाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

पट्टी-तक्ता काढणे म्हणजे रेषा ओढणे, अशी समजूत विद्यार्थ्यांत आढळते. वस्तुतः रेषा ओढण्यापूर्वीच खरे काम संपलेले असते. प्रथम संपूर्ण बांधकामाचे भाग पाडावयाचे. प्रत्येक भागाचे परिमाण नकाशावरून काढावयाचे. एक टोळी दिवसात किती काम उरकते हे ठरवावयाचे. आणि परिमाणास त्या वेगाने भागून कालावधी मिळवावयाचा. भाग फार मोठे पाडले तर तक्ता निरुपयोगी होतो. ‘आर. सी. सी. काम, पाच महिने’ अशी पट्टी कोणासही काही शिकवीत नाही.

यानंतर पट्ट्या एकमेकींच्या संदर्भात कोठे ठेवावयाच्या हा प्रश्न येतो. समजा, एका इमारतीच्या पायासाठी २४ खड्डे घ्यावयाचे आहेत. खोदणारी टोळी रोज २ खड्डे पुरे करते. म्हणजे खोदाई १२ दिवसांची. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी साध्या काँक्रीटचा थर द्यावयाचा आहे, आणि ते करणारी टोळी रोज ४ खड्डे उरकते. म्हणजे हे काम ६ दिवसांचे. सर्व खोदाई संपेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, हे उघड आहे. म्हणून पहिले खड्डे तयार होताच, दुसऱ्या दिवसापासून, काँक्रीटची पट्टी सुरू करण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास ती पट्टी सातव्या दिवशी संपते, आणि खोदाई तर बाराव्या दिवसापर्यंत चालावयाची असते! न खोदलेल्या खड्ड्यात काँक्रीट पडल्याचे हा तक्ता शांतपणे दाखवितो. प्रत्यक्षात ती टोळी अर्धा वेळ हात बांधून बसेल व मजुरी मात्र पूर्ण घेईल.

मागून येणारे काम पुढच्या कामापेक्षा वेगवान असेल तेव्हा मेळ आरंभाशी न घालता अखेरीशी घालावा लागतो. शेवटचे दोन खड्डे बाराव्या दिवशी तयार होतात. त्यांतील काँक्रीट तेराव्या दिवशी. म्हणून ही सहा दिवसांची पट्टी आठव्या दिवसापासून तेराव्या दिवसापर्यंत असावयास हवी. मागचे काम संथ असेल तर मात्र मेळ आरंभाशीच घालावा. तयार तक्ता पाहणाऱ्यास ‘आठवा दिवस’ एवढेच दिसते. त्यामागील हे गणित दिसत नाही. पुढे खोदाईत खडक लागून तिचा वेग निम्म्यावर आला, तर आठवा दिवस निरर्थक ठरतो. पण कागदावरची पट्टी जागची हलत नाही.

पट्ट्यांइतकेच लक्ष त्यांच्यामधील मोकळ्या जागेकडे दिले पाहिजे. स्लॅबचे काँक्रीट पडल्यावर त्याखालच्या मजल्यातील विटांचे काम काही काळ सुरू होत नाही आणि तक्त्यात तेथे कोरा कागद दिसतो. तेथे कोणी माणूस काम करीत नसला तरी काँक्रीट आपले काम करीत असते. ते बळ धरीत असते. भारतीय मानक आय. एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार, साधे पोर्टलंड सिमेंट वापरले असता व हवेचे तापमान १५ अंश सेल्सियसच्या खाली जात नसता, ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू ७ दिवस ठेवावे लागतात, त्याहून मोठ्या गाळ्यास १४ दिवस. तुळयांच्या बाबतीत ६ मीटरपर्यंत १४ दिवस व त्यापुढे २१ दिवस. हे कमीतकमी दिवस होत. मुदत हातची निसटत चालली की घाईला आलेल्या माणसाची नजर नेमकी या कोऱ्या जागेवर जाते. तेथे पट्टी नसल्याने ती जागा फुकट गेलेली वाटते, आणि पुढील पट्टी डावीकडे सरकविली जाते. यास्तव ‘काँक्रीट पक्व होणे’ ही गोष्ट इतर कामांप्रमाणेच नाव घालून व पट्टी ओढून दाखविणे हिताचे असते.

हा केवळ आखणीचा बारकावा नव्हे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड येथे वीज-केंद्राचा शीतक मनोरा बांधला जात होता. मनोऱ्याच्या कवचाचा सुमारे ५ फूट उंचीचा एक थर रोज घालावयाचा, आणि पुढील थरासाठी लागणारे साचे व पाळणे खालच्या ताज्या काँक्रीटलाच आधारून चढवावयाचे, अशी ती पद्धत होती. २७ एप्रिल १९७८ रोजी २९ वा थर घालण्याचे काम चालू असता आदल्या दिवशी घातलेला २८ वा थर ढासळला आणि पाळण्यांसह ५१ कामगार खाली कोसळून मृत्यू पावले. त्या थराच्या काँक्रीटने पुरेसे बळ धरण्यापूर्वीच त्यावर भार आला, हे सर्वांत संभाव्य कारण असल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या तपासात निष्पन्न झाले. हवा थंड होती, आणि थंडीत काँक्रीट सावकाश बळ धरते. दररोज एक थर हा क्रम थंड दिवशी व उबदार दिवशी सारखाच दिसतो; काँक्रीटला मात्र दोन्ही दिवस सारखे नसतात.

कामाचा आरंभ दुसऱ्या कामावर अवलंबून असतो तसा तो ऋतूवरही असतो. कोलोरॅडो नदीवरील हूव्हर धरणाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. धरणाचा पाया कोरड्या पात्रात घ्यावयाचा म्हणजे प्रथम नदी बाजूला काढणे भाग होते. त्यासाठी दोन्ही काठांच्या कड्यांतून दोन दोन असे चार बोगदे खोदावयाचे होते. प्रत्येकाचा व्यास ५६ फूट. आतून काँक्रीटचे अस्तर दिल्यावर तो ५० फूट राही. कंत्राट १९३१ च्या मार्चमध्ये दिले गेले. नदी वळविण्याची मुदत होती १ ऑक्टोबर १९३३, आणि ती चुकल्यास दररोज ३,००० डॉलर दंड.

कोलोरॅडोला पूर येतो तो वसंतात व उन्हाळ्याच्या आरंभी, पर्वतावरील बर्फ वितळल्यावर. शरद व हिवाळ्यात पाणी उतरलेले असते. पात्रात बांध घालून नदी वळवावयाची तर ती याच काळात. आता बोगद्यांची पट्टी तक्त्यावर कल्पून पाहावी. ती १९३२ च्या शरदापर्यंत संपली तर तोच हिवाळा हाती लागतो. ती दोन-तीन महिने लांबली तर नदी वळवून पूर येण्यापूर्वी बांध उंच करण्यास अवधी उरत नाही, आणि पुढील हिवाळ्याची वाट पाहावी लागते. म्हणजे बोगद्यांतील दोन-तीन महिन्यांच्या विलंबाची किंमत साऱ्या धरणास जवळजवळ एका वर्षाने मोजावी लागली असती. कामाचा प्रमुख फ्रँक क्रो याने आपले सारे बळ बोगद्यांवर एकवटले, ते याच हिशेबाने योग्य ठरते. १३ नोव्हेंबर १९३२ रोजी, मुदतीच्या सुमारे साडेदहा महिने आधी, नदी बोगद्यात वळली. वरचा बांध वसंतातील पुरापूर्वी उभा झाला, आणि ६ जून १९३३ रोजी धरणाचे पहिले काँक्रीट पडले. १ मार्च १९३६ रोजी धरण सरकारच्या स्वाधीन झाले, ते ठरल्या काळाच्या दोन वर्षांहून अधिक आधी. या दोन वर्षांतील मोठा वाटा त्या एका हिवाळ्याचा होता, असे मानावयास हरकत नाही. साध्या पट्टी-तक्त्यात मात्र बोगद्यांची पट्टी व कामगारांसाठी बांधावयाच्या वसाहतीची पट्टी यांत वजनाचा काहीही फरक दिसला नसता.

महाराष्ट्रातील वाचकास हे समजण्यास कोलोरॅडोपर्यंत जावे लागत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर नदीपात्रातील पुलाचे पाये घ्यावयाचे तर काम ऑक्टोबरनंतर सुरू होते आणि जूनपूर्वी पाये पाण्याच्या वर यावे लागतात. मेअखेर संपावयाची पायाची पट्टी पंधरा दिवस लांबली, तर पुढील काम पंधरा दिवसांनी लांबत नाही, चार-पाच महिन्यांनी लांबते. म्हणून अशा तक्त्यात पावसाळ्याचे महिने छायांकित करून ठेवण्याची जुनी रीत अगदी योग्य आहे. अनेक संगणकीय तक्त्यांत जून व डिसेंबर हे दोन्ही महिने सारखेच पांढरे असतात, हे पाहून नवल वाटते.

परस्परावलंबनाची ही उणीव १९५० नंतरच्या दशकात प्रकर्षाने जाणवू लागली. १९५७ मध्ये ड्यूपाँट व रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या सहकार्यातून, मॉर्गन वॉकर व जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची पद्धत सिद्ध केली. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस प्रकल्पासाठी पर्ट ही पद्धत निघाली. या पद्धतींत कामांचे जाळे काढून कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे प्रथम लिहिले जाते आणि तारखा त्यातून गणिताने निघतात. कोणत्या कामास किती सवड आहे, म्हणजे ते किती लांबले तरी शेवटची तारीख ढळणार नाही, हेही त्यातून कळते. सवड नसलेल्या कामांची साखळी हाच निर्णायक मार्ग होय. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन फोंडाल याने हे गणित संगणकाविना, हातानेच करण्याची रीत दाखविली. तिच्यात कामे चौकटींत लिहून बाणांनी जोडली जातात. प्रचलित संगणकीय पद्धतीही कामे याच रीतीने जोडतात.

म्हणजे आता पट्टी-तक्ता हे नियोजन न राहता नियोजनाचे चित्र झाले आहे. ही प्रगती खरी. पण तिला एक पळवाट आहे. संगणकाने काढलेली तारीख मनासारखी आली नाही की ती हाताने पक्की करून टाकण्याची सोय त्यात असते. मालकाला दिलेले वचन जुळावे म्हणून अशा दहा-वीस तारखा पक्क्या केल्या की अवलंबनाचे जाळे आतून तुटते आणि वरचे चित्र मात्र सुबक राहते. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती असा तक्ता आल्यास त्याने प्रथम एखाद्या कामाचा कालावधी दुप्पट करून पाहावा. पुढील पट्ट्या हलल्या नाहीत, आणि त्या कामास तेवढी सवडही नसेल, तर तो तक्ता रंगीत चित्रापलीकडे काही नाही.

उरला प्रश्न प्रगती नोंदविण्याचा. बहुतेक ठिकाणी झालेल्या कामाच्या प्रमाणात पट्टी काळी करतात व आजच्या तारखेची उभी रेषा ओढून तुलना करतात. समजा, १,२०० चौरस मीटर गिलाव्यासाठी ३० दिवसांची पट्टी आहे. पंधराव्या दिवशी मोजमाप घेतले असता ४८० चौरस मीटर, म्हणजे शेकडा ४० काम झालेले आढळले. पट्टी बाराव्या दिवसापर्यंत काळी होते, आणि काम तीन दिवस मागे आहे असे सभेत सांगितले जाते. तथापि टोळीचा प्रत्यक्ष वेग दिवसाला ३२ चौरस मीटर आहे. उरलेल्या ७२० चौरस मीटरांस त्या वेगाने २२।। दिवस लागतील; आणि गिलावा तिसाव्या दिवसाऐवजी अडतिसाव्या दिवशी संपेल. तीन दिवसांचा समजलेला विलंब वस्तुतः आठ दिवसांचा आहे. पट्टीवर केवळ दिवस मोजले की हे नजरेतून निसटते. प्रत्येक आठवड्याच्या चौकटीत ठरलेले परिमाण व झालेले परिमाण असे दोन आकडे लिहिले, म्हणजे गँटच्या मूळ तक्त्यातील दुहेरी अर्थ परत आणला, की ते पहिल्याच आठवड्यात दिसू लागते; आणि त्या वेळी आणखी दोन गवंडी लावणे पंधराव्या दिवसापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.