गाव सापडत नाही? मग स्पेलिंग चुकवून बघा!

इन्स्टाच्या बायोमध्ये मालवण लिहिताना व्ही घालायचा की डब्ल्यू, यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून एकमत नाही. पण अठराव्या शतकातल्या इंग्रजांचे कागद बघितले, की आपला वाद अगदीच किरकोळ वाटतो. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं, ते त्यानं लिहून टाकलं! वेंगुर्ल्याचं झालं ‘विंगोर्ला’, आंग्र्यांचे झाले ‘अँग्रिया’ आणि सुवर्णदुर्गाचा चक्क ‘सेव्हर्नड्रूग’. लंडनमध्ये १७८४ साली बांधलेला याच नावाचा एक मनोरा आजही उभा आहे.

हसून झालं असेल, तर आता विजयदुर्गाकडे वळू. १७५६ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला. त्यांच्या कागदांत त्याचं नाव आहे ‘घेरिया’. ही चूक वाटते ना? पण किल्ल्याजवळ गिर्ये गाव आजही आहे. किल्ल्याची जुनी ओळख त्या गावावरूनच होती. म्हणजे साहेबाच्या वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये आपलंच नाव जपलं गेलं.

उलट १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेतल्यावर त्यांनी त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं ऐटबाज नाव दिलं. ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. किल्ला थोड्याच काळात कोल्हापूरकरांकडे परत गेला आणि नावही विरलं.

याचा आपल्याला उपयोग काय? तर आपल्या गावाचा इतिहास शोधायला. जुन्या इंग्रजी पुस्तकांचे स्कॅन आता फोनवर वाचता येतात, पण आजचं स्पेलिंग टाकलं तर बऱ्याचदा हाती काहीच लागत नाही. त्यात सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्यामुळे १८८० चं गॅझेटियर ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’ या नावानंच शोधावं लागतं.

थोडे ठोकताळे लक्षात ठेवा. ‘ऊ’साठी डबल ओ, ‘ई’साठी डबल ई, ‘अ’साठी यू आणि ‘ड’च्या जागी आर. म्हणूनच सावंतवाडी ‘सावंट वारी’ अशी भेटते.

आणि तरीही गाव सापडलं नाही, तर आजीला गावाचं नाव मोठ्यानं म्हणायला सांगा. मग ऐकू येईल तसं लिहा. साहेबानंही तेच केलं होतं!